चासीचे हट्टी रिबिट आणि एअर हॅमर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एअर हॅमर म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारा, छिन्नीला ठोके देणारा हातोडा. तो घेणाऱ्याला वाटतं, छिन्नी टेकवली, ट्रिगर दाबला की रिबिट बाहेर. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे धरणारे हँगर आणि क्रॉसमेंबर (चासीच्या आडव्या पट्ट्या) यांच्या रिबिटांवर आठ महिने वापरल्यावर मत असं झालंय: डोकं उडवायला हे हत्यार झकास, पण दांडा बाहेर काढायला एकटं पुरत नाही. दांड्याचं निम्मं काम ड्रिल करतं. हे आधी कळलं नाही तर लोक हॅमरलाच नावं ठेवतात.

वापरलेला हॅमर लांब बॅरलचा, 0.401 इंच म्हणजे 10.2 मिमी शँकचा (छिन्नीचा हॅमरमध्ये बसणारा भाग). आखूड बॅरलचा स्वस्तात मिळतो, पण तो पत्रा कापायला ठीक. त्यात पिस्टनला धावायला जागा कमी, म्हणून ठोके भरपूर आणि हलके. रिबिटाला ठोके कमी चालतील, जड हवेत. दाब 90 पीएसआय, आणि तोही ट्रिगर दाबलेला असताना हॅमरपाशी मोजलेला. कॉम्प्रेसरच्या घड्याळात 120 दिसतो, पण लांबलचक बारीक नळी आणि अरुंद कपलर (नळीचा जोड) यांत बराचसा दाब वाटेतच जातो. आतून 10 मिमीपेक्षा बारीक नळी नको. अर्धा इंची लावली की तोच हॅमर वेगळा वाटतो. खोक्यावर लिहिलेला हवेचा खप थांबून-थांबून वापरल्याचा असतो, सलग चालवल्यावर लहान टाकी लगेच रिकामी होते.

आता दांडा का अडतो ते. जुने रिबिट लाल करून ठोकत; थंड होताना ते आकसतात, त्यामुळे जोडलेल्या लोखंडी पाट्या आवळल्या जातात, पण भोकात केसभर जागा सुटते. कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसने थंड दाबलेला रिबिट मात्र भोकात फुगतो आणि भोक पूर्ण भरतो. म्हणजे 12 मिमीचा रिबिट 13 च्या भोकात असेल तर आतला दांडा आता 13 चाच समजा. त्यात कोकणातली गाडी असेल तर दोन पाट्यांमध्ये गंज फुगलेला असतो, तो पाट्या उघडू पाहतो आणि रिबिट ताणलेला राहतो. गंजसैल करणारं तेल पाट्यांच्या फटीत थोडं कामाला येतं, घट्ट भरलेल्या दांड्याशेजारी ते शिरतच नाही.

कामाची पद्धत अशी बसली. बॅटरी सुटी, जवळचे ब्रेक पाइप, वायरिंग आणि डिझेलच्या नळ्या बाजूला. चासी स्टँडवर, स्प्रिंगच्या पाट्यांवरचा भार उतरलेला. मग कारखान्याचं गोल डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. ते दांड्याच्या मध्यावर असतं. दाबून तयार झालेलं दुसरं डोकं अनेकदा एका अंगाला सरकलेलं असतं, त्यावरून मध्य काढला तर ड्रिल चासीत घुसतं. गोल डोकं ग्राइंडरने थोडं सपाट करून सेंटर पंच मारायचा. आधी 4 मिमीचं ड्रिल, मग 8, मग 10. 13 च्या दांड्याला 10 पुरे, तीन मिमी ठेवायचे म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमीची भिंत उरते. खोली पाट्यांच्या एकूण जाडीएवढी. 10 मिमीच्या ड्रिलला 600-700 आरपीएम, सोबत कटिंग ऑइल. वेग जास्त ठेवला की धार निळी पडते आणि दोष ड्रिलवर येतो. पोकळ झाला की दांड्याची भोकावरची पकड सुटते, सगळी गोम इथंच आहे.

त्यानंतर हॅमर. डोक्यावर 1 मिमीच्या कटिंग व्हीलने फुली मारली तर छिन्नीला पाव-पाव भागच उडवावा लागतो. व्हील चासीला लागायच्या आधी थांबायचं, तळाशी मिलिमीटरभर राहिलं तरी चालतं. छिन्नी एकाच बाजूला उतार असलेली हवी, सपाट बाजू चासीवर टेकवून चालवायची. दोन्हीकडे उतार असलेली छिन्नी चासीत खाच पाडते, आणि पुढं तडा तिथूनच सुरू होतो. शेवटी बोथट पंच, भोकापेक्षा मिलिमीटरभर बारीक. मागून जाड पाइपचा तुकडा किंवा मोठा नट रिबिटाभोवती धरून त्यावर जड घण टेकवायचा. हे केलं नाही तर पाटी लवते आणि ठोका तीच खाते. उडणाऱ्या डोक्यासमोर ओलं गोणपाट टांगावं. चष्मा आणि कानात बोळे ही सवयच हवी.

तक्रारी दोन. हॅमरसोबत आलेल्या छिन्न्या मऊ निघाल्या, काही रिबिटांतच टोक छत्रीसारखं पसरलं. पैसे हॅमरवर कमी आणि चांगल्या छिन्नीवर जास्त घालावेत. धार लावताना वारंवार पाण्यात बुडवावी, नाहीतर छिन्नीचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. दुसरी म्हणजे छिन्नी धरणारी स्प्रिंग. छिन्नी कामावर न टेकवता ट्रिगर दाबला की सगळा मार स्प्रिंगवर येतो, ती ढिली होते आणि छिन्नी गोळीसारखी सुटते. सहा महिन्यांत एक स्प्रिंग बदलावी लागली. ट्रिगरखालची ओ-रिंगही गळू लागली होती, पण तो किरकोळ खर्च. पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज सोडलं आणि कामाआधी चार थेंब एअर टूल ऑइल घातलं तर आत गंज धरत नाही.

गॅसच्या ज्योतीने तापवण्याचं काय? दांडा लाल करून थंड होऊ दिला तर तो आकसून सैल पडतो, हे खरं आहे. तापताना त्याला भोकात फुगायला जागा नसते, म्हणून तो लांबीकडे दबतो आणि थंड झाल्यावर बारीक होतो. पण चासी हीट ट्रीटेड (तापवून-थंडवून मजबूत केलेली) असेल तर गॅस लावूच नका, तिथली ताकद कायमची जाते. साध्या चासीवरही शेवटचा उपाय म्हणूनच.

उसाच्या ओझ्याने हँगर हललेल्या गाड्यांत भोक अंडाकृती झालेलं सापडतं. तिथं त्याच मापाचा बोल्ट घालण्यात अर्थ नाही. रीमरने (भोक नेमक्या मापात मोठं करणारं हत्यार) भोक गोल करून पुढच्या मापाचा, 10.9 ग्रेडचा (जास्त ताकदीचा) फ्लँज बोल्ट, म्हणजे डोक्याखाली रुंद कड असलेला, बसवावा, सोबत तितक्याच ताकदीचा लॉकनट. स्प्रिंग वॉशर इथं नको. हँगरचे सगळे रिबिट एकदम काढू नयेत: एक काढा, बोल्ट घाला, मग दुसरा, म्हणजे हँगर जागचा हलत नाही. उघड्या भोकाला प्राइमर लावा, टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे द्या आणि 500 किमीनंतर पाना पुन्हा एकदा फिरवून बघा.