खिडकीची फिल्म कापायला ९ एमएमचा स्टेनलेस कटर: उन्हाळ्यापासून वापरतोय, आता लिहितो

नागपुरात घरांच्या आणि ऑफिसच्या काचांना सोलर फिल्म (ऊन अडवणारी पातळ प्लास्टिक शीट) लावायचं काम करतो. ओल्फाचा बारीक स्टेनलेस बॉडीवाला कटर ऐन उन्हाळ्याच्या सीझनमध्ये घेतला, तेव्हापासून रोज हातात आहे. नवीन पोरं हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कटर मागतात आणि १८ एमएमचा (म्हणजे तेवढ्या रुंद पात्याचा) जाड कटर घेऊन येतात, म्हणून हे लिहितोय. तो खोके फोडायला भारी आहे, पण त्याचं पातं अर्धा एमएम जाड, ९ एमएमचं ०.३८. फिल्मवर हा फरक पहिल्याच कटला कळतो, जाड पातं फिल्मला पुढे ढकलतं आणि कड दातेरी होते.

खरा विषय पात्याचा आहे. काळं कार्बनचं पातं जास्त धारदार आणि टिकतंही, पण काचेवर मी ते कधीच लावत नाही, टेबलावर रोलमधून पीस काढायलाच ठेवलंय. काचेवर स्टेनलेसच. ते थोडं मऊ असतं त्यामुळे चरा पडायची भीती कमी, पण धार लवकर जाते हे मान्य करूनच घ्यायचं. त्यातही ३० डिग्रीचं टोकदार पातं घ्या, ॲल्युमिनियम सेक्शनच्या (चौकटीच्या) कोपऱ्यात काचेभोवतीच्या रबरापर्यंत ते बरोबर पोचतं, साधं पातं तिथे अडकतं. टोक नाजूक असतं मात्र, दाबून चालवलं की तुटतं.

आणि पातं मोडायला अजिबात कंजुषी नको!! मी प्रत्येक काचेनंतर एक तुकडा मोडतो, मोठी काच असेल तर मध्येच. ही मोडत्या पात्याची आयडियाच मुळात १९५६ साली ओसाकाच्या योशिओ ओकाडांनी काढली, चॉकलेटच्या वडीसारखे तुकडे पडावेत म्हणून, मग जी गोष्ट मोडण्यासाठीच बनवलीय ती जपून काय करायची. बोथट पातं फिल्म ओढतं, बारीक फाट जाते, हात आपोआप जास्त दाब देतो आणि तिथेच काचेला ओरखडा येतो. तुकडे मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकतो, ग्राहकाच्या घरात लहान मुलं असतात.

कापायची पद्धत सांगतो. रोल बहुतेक ६० इंची येतो, आधी सगळ्या काचांची मापं कागदावर मांडून कुठला पीस आडवा कुठला उभा ते ठरवायचं, यातच सगळ्यात जास्त फिल्म वाचते. पीस चारी बाजूंनी इंचभर मोठा न काढता मी रोलची कंपनीची सरळ कड एका बाजूला वापरतो, ती रबरापासून अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) सोडून बसवली की तीनच बाजू कापायच्या उरतात. हा अर्धा सूत गॅप हवाच, फिल्म रबराला टेकली की कड उचलते आणि आतलं पाणीही बाहेर निघत नाही. फिल्म शाम्पूच्या पाण्यावर बसवतात, आधी ते मधलं पाणी स्क्वीजीने (रबरी पट्टीने) काढून फिल्म जागेवर धरू द्यायची, मग हार्ड कार्ड (कडक प्लास्टिकची पट्टी) रबराला टेकवून त्याच्या कडेने कटर चालवायचा. पातं जेमतेम एक तुकडा बाहेर, कटर काचेला जवळजवळ आडवा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता एकच ओढ. थांबून परत सुरू केलं की तिथे पायरी दिसते, आणि पश्चिमेच्या काचेवर संध्याकाळचं ऊन आलं की ती ग्राहकाला पहिली दिसते. मे महिन्यात अशा काचा सकाळीच उरकाव्या, दुपारी शाम्पूचं पाणी कापेपर्यंत वाळून जातं.

कटरबद्दल तक्रार एकच, बॉडी गुळगुळीत आहे आणि हात कायम ओले, त्यामुळे पकडीला मी कापडी टेप गुंडाळलीय. पातं जागेवर धरणारं ऑटो लॉक मात्र इतक्या महिन्यांत एकदाही सरकलेलं नाही.

बजेट कमी असेल तर प्लास्टिक बॉडीचा ९ एमएम घ्या, चालतो, पण पात्याचं पाकीट चांगल्या कंपनीचंच आणि स्टेनलेस असं लिहिलेलं बघून घ्या.