‘बारा सीटर’ पोंटून बोट घेताना आम्ही फसलो, तुम्ही फसू नका

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमची आणि मेहुण्यांची मिळून थोडी शेती आहे. सुट्टीला सगळे तिथेच जमतो. गुडघ्यांमुळे आईला साध्या होडीत उतरता येत नाही, म्हणून पोंटून बोट घ्यायचं ठरलं. खाली अॅल्युमिनियमच्या दोन बंद नळ्या, वर सपाट डेक, चारही बाजूंनी रेलिंग. आई खुर्चीवर निवांत बसेल अशी.

दोन बोटी पाहिल्या. एक साधी, बाकडी लावलेली, ६ लाखांची. तिचा मालक स्वतःहून म्हणाला, “पाच-सहा माणसांच्या वर बसवू नका.” दुसरी सेकंडहँड, अंबडच्या एका शेडमध्ये. निळा सोफा, छत, स्पीकर आणि किंमत साडेचार लाख. “बारा माणसं आरामात बसतात भाऊ, डोळे झाकून घ्या.” मुलं सोफ्यावर बसली ती उठेचनात.

पाण्यात उतरवून दाखवा म्हटलं, तर क्रेन-ट्रेलरचा खर्च आहे, आधी पूर्ण पैसे द्या म्हणाला. मी तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. पावती अडीच लाखांची, बाकी रोख. धरणात बोट उतरवायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती काढून देतो म्हणून २० हजार वेगळे घेतले आणि एक झेरॉक्स हातात ठेवली.

पहिल्याच रविवारी आठ जण बसलो. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होतं, तेही बायकोने हट्ट धरला म्हणून. काठापासून थोडंच पुढे गेलो आणि मागची डावी बाजू बसायला लागली. आधी आईची चप्पल घसरत गेली, मग डेकवर घोट्याएवढं पाणी. मेहुण्यांनी मुलांना पुढे उजवीकडे सरकवलं, मी बोट वळवून सरळ चिखलात घातली. आईने रेलिंग इतकं घट्ट धरलं होतं की काठावर आल्यावर तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आणला. डाव्या नळीचा पाणी काढायचा एकच प्लग (बूच) उघडला, तर अख्ख्या नळीतलं पाणी वाहून गेलं. म्हणजे नळीचे वेगळे बंद कप्पे करणारे पडदे आत नव्हतेच. एक चीर पडली की सगळी नळी भरणार. जोडावर त्याने नाण्याने खरवडलं, तर चंदेरी रंगाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली बोटभर चीर.

मग हिशेब मांडला. नळीचा व्यास ५० सेंटीमीटर, लांबी ५ मीटर, म्हणजे एकीत साधारण ९८० लिटर जागा. बुडालेल्या दर लिटरमागे एक किलो पेललं जातं; नळ्या निम्म्याच बुडू द्यायच्या, तर दोन्ही मिळून ९८० किलो पेलतात. डेक, सोफा, इंजिन, पेट्रोल यांचेच ६०० किलो. उरले ३८०. नळ्या धडधाकट असत्या तरी पाच मोठी माणसं, बस. बारा कुठून आणणार? हे गणित शेडमध्ये टेप लावून दहा मिनिटांत झालं असतं, याची रुखरुख जात नाही.

झेरॉक्सवरची परवानगी दुसऱ्याच जलाशयाची, दुसऱ्याच माणसाच्या नावाची निघाली. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे इंजिनाच्या बोटीला सर्व्हे आणि नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. ते मागितल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज दिला. व्यवहार ५ लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. पण रोख दिलेल्या दोन लाखांचा कागद आमच्याकडे नाही, आणि वकीलसाहेब प्रत्येक भेटीत तोच मागतात.

गेल्या आठवड्यात मेहुण्यांना मोबाइलवर एक जाहिरात दिसली. तसाच निळा सोफा, ‘बारा सीटर, फॅमिलीसाठी’. ती बघायला जाणार असाल, तर आधी प्लग उघडायला लावा.