औषध कंपनीत जायचंय? मग बी.एस्सी. केमिस्ट्री की बी.फार्म.?

गोव्यात वेर्ण्याला सिप्ला, ल्युपिनसारख्या औषध कंपन्या आहेत, त्यामुळे बारावी सायन्स झालेल्या पुष्कळ मुलांच्या घरी हा प्रश्न निघतो. बहुतेक घरांत निकाल एका वाक्यात लागतो: बी.एस्सी. तीन वर्षांत आटपते, फार्मसीला चार लागतात. हा हिशेब मला पटत नाही.

नुसत्या बी.एस्सी.वर क्वालिटी कंट्रोलच्या, म्हणजे औषधाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळते, नाही असं नाही. पण पुढच्या बढत्यांच्या वेळी एम.एस्सी.वाला शेजारी उभा असतो. म्हणजे ताळगावच्या पठारावर विद्यापीठात जाऊन एम.एस्सी. करणं आलंच. खरी तुलना पाच वर्षं विरुद्ध चार वर्षं अशी आहे.

कायदाही फार्मसीकडे झुकलेला आहे. औषधांच्या उत्पादनावर देखरेख करणाऱ्याला पात्रता लागते. 1945 च्या औषध नियमांनुसार फार्मसी पदवीधराला त्यासाठी उत्पादनातला 18 महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या पदवीधराला तीन वर्षं काढावी लागतात. ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून स्वतःचं मेडिकल चालवायचं, तर बी.एस्सी.चा उपयोग नाही.

मग बी.एस्सी. घ्यावी कुणी? ज्याला केमिस्ट्रीच आवडते त्याने. बी.एड. करून हायस्कूलमध्ये शिकवता येतं, एम.एस्सी.नंतर नेट ही पात्रता परीक्षा देऊन कॉलेजात किंवा संशोधनात जाता येतं, आणि औषधं नकोशी झाली तर रंग, खतं, अन्नपदार्थ असे इतर उद्योग आहेतच. विसाव्या वर्षी मन बदलणार नाही याची खात्री कोण देतो? फार्मसीवाल्याला एवढी मोकळीक नसते. मात्र 'नीट'ला हुकलं म्हणून रडतखडत फार्मसीला जाणाऱ्यांनी आधी अभ्यासक्रम उघडून पाहावा. फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो त्याचं पाठांतर तिथेही सुटत नाही.

लॅबमधलं काम दोघांचं जवळपास सारखंच. एचपीएलसी या औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला लागणारं द्रावण गाळायचं, त्यातली हवा काढायची, नमुन्याच्या बाटल्या लावायच्या, आलेख तपासायचा आणि प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत नोंदवायची. आकडा चुकला तर खोडरबर नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. हे सगळं शिफ्टमध्ये, कधी रात्रपाळीलाही. ज्याला या काटेकोरपणाचा कंटाळा येतो त्याला कोणतीच पदवी तारणार नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. बी.एस्सी.साठी मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले अशी कॉलेजं आहेत. बी.फार्म. पणजीच्या सरकारी कॉलेजात किंवा फर्मागुडीच्या बांदेकर कॉलेजात होते. तिथे फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक विषय चालतो. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तर सोडू नये. खासगीची फी भरायची वेळ आली, तर फक्त फीची चौकशी करून थांबू नये, प्लेसमेंटला कोणत्या कंपन्या येतात तेही विचारावं.

सरकारी नोकरी डोक्यात असेल, तर गोव्यातल्या जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं, शिवाय साधारणपणे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. ही अट दोन्ही पदव्यांना सारखीच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कोकणी लिहिण्या-वाचण्याची सवय कॉलेजात असतानाच करून घ्यावी.