नाल्याअलीकडची शाळा की नाल्यापलीकडची?

दारव्हा तालुक्यात आमचं गाव. पोरगी शाळेत घालायची तेव्हा आमच्यापुढेही हाच प्रश्न होता: गावातली जिल्हा परिषदेची शाळा की तालुक्याची कॉन्व्हेंट? पहिली-दुसरी तिनं कॉन्व्हेंटमध्ये काढली, तिसरीपासून गावात आहे. दोन्ही शाळा घरात पाहिल्या, म्हणून लिहितो.

फी, गणवेश, इंग्रजी हे तुम्हाला माहीतच आहे. कॉन्व्हेंटच्या बाईंनी मन लावून शिकवलं. दुसरीत पोरगी इंग्रजी धडा न अडखळता वाचायची. ते श्रेय त्यांचंच.

आमचं सगळं बिघडलं ते गाडीपायी. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे शाळा अन् पाऊस जोडीनंच येतात. गाव अन् डांबरी रस्ता यांच्या मधात नाला, त्यावर ठेंगणा रपटा. रात्री पाणी पडलं की सकाळी सातला व्हॅनवाल्याचा फोन: "भाऊ, रपट्यावरून पाणी आहे, आज गाडी येत नाही." डबा भरलेला, वेण्या घातलेल्या, पोरगी दप्तर घेऊन ओट्यावर बसलेली. नाला उतरला तर गाडी बिघडलेली, गाडी सुधरली तर ड्रायव्हरच्या घरी लग्न. बायको कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फुल्या मारत होती. दुसरीचं वर्ष संपल्यावर त्या मोजल्या: ४१. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरली पाहिजे. त्यातला पाचवा हिस्सा आमची पोरगी घरी होती.

एका दिवसानं काय होते, असं मीही म्हणायचो. पण वर्गात हातच्याची वजाबाकी झाली त्या आठवड्यात तिचे तीन दिवस बुडाले. मैत्रिणीची वही आणून सगळं उतरवलं. अक्षर सुंदर आलं, पण दशकाकडून हातचा का घ्यायचा हे त्या वहीत कुठं असणार? पुढे कितीतरी महिने ती तिथंच अडायची. भरलेल्या वर्गात एकीसाठी बाईंनी तरी किती वेळा मागं यावं? मला जास्त लागलं ते वेगळंच. न जाण्याची तिला सवय झाली. आभाळ कोरडं असलं तरी सकाळी विचारायची, "बाबा, आज गाडी येणार नाही ना?"

गावची शाळा घरापासून चार मिनिटांवर. हजेरीत नाव निघालं नाही की गुरुजी चौथीच्या दोन पोट्ट्यांना घरी धाडतात. ताप असेल तर ठीक, नाहीतर वेणी घालायचीही वाट पाहत नाहीत, तशीच घेऊन जातात. दुपारची खिचडी तिथंच. मागच्या वर्षी तिचे नऊ दिवस बुडाले, त्यातले पाच तापाचे.

उणंही सांगतो. शाळा दोनशिक्षकी आहे. एकाला निवडणुकीचं काम किंवा ट्रेनिंग लागलं की चारही वर्ग एकाकडे. कापूस वेचणीच्या दिवसांत कितीतरी पोरं मायसोबत वावरात, नाहीतर धाकट्याला सांभाळत घरी. मग जी आली त्यांचाही धडा पुढे सरकत नाही. इंग्रजी कमी पडते हे खरंच. ते रोज संध्याकाळी आम्ही घरी घेतो.

तुमचं गाव डांबरी रस्त्यावर असेल, मधात नाला नसेल, व्हॅनवाला खात्रीचा असेल, तर कॉन्व्हेंट वाईट नाही. माझ्या साळ्याची पोरं तिथं आहेत अन् चांगली शिकतात. फक्त एप्रिलात शाळा पाहून ठरवू नका, तेव्हा सगळेच रपटे कोरडे असतात. त्याच रस्त्यानं ज्यांची पोरं जातात, त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये किती दिवस बुडाले ते विचारा.

आमच्याकडे शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला तालुका गाठावाच लागेल. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण नाला तोच आहे. म्हणून दारव्ह्याला तिच्या मावशीशी आतापासूनच बोलून ठेवलं: पाऊस लागला की तिच्याकडे, अन् उघडला की घरून बसनं.