उन्हात उभ्या गाडीतील पिस्तुलाची पेटी : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी २५ मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करतो. सरावाची वेळ संध्याकाळची आणि रेंज कामाच्या ठिकाणाजवळ, घरापासून मात्र लांब. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस माझे पॉइंट २२ चे (म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उघड्या वाहनतळावरच्या गाडीत राहत असे. कामाच्या जागी शस्त्र नेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. गाडीत शस्त्र ठेवण्याचे नियम आणि परवान्याच्या अटी जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून आधी त्यांची खात्री करून घेतली आणि मगच दीड मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याची, बोटाच्या ठशाने उघडणारी एक पेटी विकत घेतली. त्या खरेदीला आता आठ महिने झाले असून त्यात संपूर्ण उन्हाळा गेला; मध्ये एकदा पेटी बदलावीही लागली, ते पुढे येईलच.

पेटी घेताना माझ्या मनात एकच धास्ती होती, ती म्हणजे उन्हाने तापून काडतुसे आपोआप उडतील की काय. ती निराधार निघाली. काडतुसातील धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती आपोआप पेट घेण्यासाठी साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान लागते. बंद गाडी कितीही तापली तरी तिथपर्यंत पोहोचत नाही. २०१८ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी ३८ अंशांहून अधिक उष्म्याच्या दिवसांत उभ्या गाड्यांची तपासणी केली, तेव्हा उन्हातल्या गाडीची आतली हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. सावलीतल्या गाडीत हेच आकडे ३८ आणि ४८ होते. मी स्वतः कमाल तापमानाची नोंद ठेवणारा छोटा तापमापक पेटीत ठेवून पाहिला. बाहेर ३८ अंश असलेल्या एका दुपारी चालकाच्या सीटखालच्या पेटीत ५२ अंशांची नोंद झाली, तर त्याच आठवड्यात डिकीत ठेवलेल्या पेटीत ४५. त्या दिवसापासून पेटी डिकीतच आहे.

स्फोटाची भीती नसली तरी काडतुसांना ऊन सोसते असे मात्र नाही. दारू टिकून राहावी म्हणून तिच्यात मिसळलेले स्थिरीकारक द्रव्य उष्णतेत लवकर खर्ची पडते, शिवाय तापलेले काडतूस झाडल्यावर नळीतील दाब थोडा वाढतो. पॉइंट २२ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला डब्याचे झाकण उघडल्यावरच समजली. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीयुक्त वंगणाचा पातळ थर असतो. शुद्ध मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण वंगणातील चरबीयुक्त मिश्रण त्याच्या खूप आधी मऊ पडते. माझ्या ५० काडतुसांच्या डब्यात तळाच्या ओळीतल्या गोळ्या एका बाजूने कोरड्या, करड्या पडलेल्या होत्या, दुसऱ्या बाजूला वंगणाचा पिवळसर ओघळ थिजला होता आणि त्याला धूळ चिकटली होती. त्या डब्यातील काडतुसे दोनदा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या खोबणीत, नीट बसली नाहीत. तेव्हापासून मी काडतुसे गाडीत ठेवणे पूर्णपणे बंद केले आणि रेंजवरच घेऊ लागलो. शस्त्र आणि दारूगोळा एका गाडीत नसणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे, त्यामुळे हा बदल आधीच करायला हवा होता असे आता वाटते.

उष्णतेचा खरा मार बसला तो कुलपावर. पेटीबरोबर आलेल्या चार अल्कलाइन बॅटऱ्या साधारण ५५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात, म्हणजे सीटखालच्या दुपारच्या तापमानाने ही मर्यादा जवळजवळ गाठली होती. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी रेंजवर पोहोचलो, बोट ठेवले, तांबडा दिवा लागला आणि विझला. बोट पुसून पुन्हा ठेवले, तरी तेच. घामेजलेल्या बोटाला हे कुलूप दाद देत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते, म्हणून दहा मिनिटे थांबून तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तोवर दिवाही लागेनासा झाला. पेटीच्या बाहेरच्या बाजूचा बॅटरीचा कप्पा उघडला तर दोन बॅटऱ्यांच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती आणि पितळी पट्टी हिरवट पडली होती. जादा किल्ली घरी होती, कारण ती गाडीत ठेवणे म्हणजे पेटी उघडी ठेवण्यासारखेच. सराव बुडाला. पेटी उघडली नाही याचे मला दुःख नाही. कुलूप बंद राहून बिघडले, उघडे राहून नव्हे, हे चांगलेच झाले. पण शस्त्राचे कुलूप उन्हाळ्यात भरवशाचे नसेल, तर माणूस हळूहळू ते नुसते लोटून ठेवण्याची पळवाट शोधू लागतो, आणि मला नेमकी तीच सवय नको होती. विक्रेत्याने बॅटऱ्या बदलून दिल्या, मात्र गाडीतल्या उष्णतेविषयी माहितीपत्रकात एकही ओळ का नाही, या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. चौथ्या महिन्यात मी त्याच मापाची, आकडे जुळवून उघडणाऱ्या यांत्रिक कुलपाची पेटी घेतली. तिच्यात बॅटरीच नाही. अंधारात आकडे दिसत नाहीत एवढी गैरसोय आहे, ती मी सोसतो.

पेटीसोबत मिळणारी पोलादी तार ही जवळपास प्रत्येक खरेदीदार ज्यावर विसंबतो अशी वस्तू आहे, आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. माझ्या पेटीची तार पेन्सिलीहून बारीक होती. हातातल्या साध्या कटरने मी तिचा उरलेला तुकडा तोडून पाहिला. दोन दाबांत ती तुटली. पेटी उघडता आली नाही तरी चोर ती उचलून नेऊ शकतो, आणि घरी नेल्यावर त्याला भरपूर वेळ मिळतो. म्हणून नवी पेटी डिकीच्या तळाला आतून चार बोल्टांनी पक्की केली. भोके पाडण्यापूर्वी खालून इंधनाची टाकी, नळी किंवा वायर जात नाही ना हे गाडी वर उचलून पाहावे लागते. हे काम मी मेकॅनिककडून करून घेतले. गाडीच्या काचेवरचे नेमबाजी क्लबचे स्टिकरही त्याच दिवशी खरवडून काढले.

पिस्तुलाच्या बाबतीत पोलादाला उन्हाने काही झाले नाही, लाकडाला झाले. सामन्याच्या पिस्तुलाची मूठ अनेकदा अक्रोडाच्या लाकडाची, हाताच्या मापाने कोरलेली असते; माझीही तशीच आहे. कोरड्या उष्म्यात लाकूड आकसले, तळहाताच्या आधाराचा स्क्रू सैल झाला आणि बोटांच्या खाचेजवळ केसाएवढी भेग पडली. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खाचांतले पातळ तेल ओघळून पेटीच्या फोमवर तपकिरी डाग पडला होता आणि खाचा कोरड्या पडल्या होत्या. तेलाऐवजी अगदी थोडे ग्रीस लावू लागल्यापासून ही तक्रार राहिली नाही. दमट महिन्यांत प्रश्न उलटा झाला. एसीत गार झालेल्या पोलादाला बाहेरची दमट हवा लागली की त्यावर दव धरते, ते पाणी फोम शोषून घेतो, आणि एके दिवशी फोमला टेकलेल्या बाजूवर माझ्याच अंगठ्याचा ठसा गंजाने उमटलेला दिसला. फोम काढून टाकला, त्याजागी सुती कापड अंथरले आणि ओलावा शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली; रंग पालटला की ती ओव्हनमध्ये तापवून कोरडी करतो.

ठेवण्याची पद्धत माझ्यापुरती आता ठरली आहे. पिस्तूल घरीच रिकामे करायचे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, चेंबरमध्ये रंगीत सुरक्षा पट्टी घालायची, मॅगझिन (काडतुसे भरण्याचा कप्पा) काढून वेगळे ठेवायचे आणि पेटीला कुलूप घराच्या आवारातच लावायचे. वाहनतळावर डिकी उघडून शस्त्राची हाताळणी कधीही करायची नाही, कारण बघणाऱ्याला पेटीत काय आहे हे तिथेच समजते. मुले गाडीत असतील त्या दिवशी पिस्तूल गाडीत नसते, याला अपवाद नाही.

नव्या पेटीबद्दल माझे समाधान आहे, जुनीची शिफारस मी करणार नाही. मात्र गेल्या महिन्यात रेंजच्या शस्त्रागारात एक कुलूपबंद कप्पा रिकामा झाला आणि अर्ज केल्यावर तो मला मिळाला. आता पिस्तूल सरावाच्या दिवशीही तिथेच असते आणि गाडीतली पेटी फक्त बाहेरच्या सामन्याला जाताना वापरली जाते. बाकीच्या दिवशी ती रिकामी असते, तरी तिला कुलूप मात्र लावलेलेच असते.