पीसीओएस असेल तर स्लीव्ह की बायपास?

पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड, आहे आणि वजन उतरवायची शस्त्रक्रिया करायचीच, इथपर्यंत तुम्ही आला असाल तर जठर कुठे कापतात नि आतडं कुठे जोडतात, हे एव्हाना पाठ झालं असेल. ते तपशील सोडून देते. थोडक्यात, स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून त्याची बारीक नळी ठेवतात, बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. मी स्लीव्ह करून घेतली. माझ्या नणंदेने बायपास केली आणि ती खूश आहे, हेही सांगून ठेवते.

पीसीओएसपुरतं पाहिलं तर दोन्हींत फार डावं-उजवं नाही. इन्सुलिन आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) खाली येतं, पाळी काही महिन्यांत मार्गी लागते, बऱ्याचदा वजन पुरतं उतरायच्या आधीच. हनुवटीवरचे केस मात्र चिवट. माझ्या थ्रेडिंगच्या फेऱ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. उलट डोक्यावरचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळायला लागतात. ते सहसा परत येतात, पण ज्यांचा भांग आधीच रुंदावलाय त्यांनी मनाची तयारी ठेवावी. 2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 80 बायकांवरची एक चाचणी छापून आली. वर्षभरात औषधोपचारवाल्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांचं ओव्ह्युलेशन (अंडाशयातून अंडं सुटणं) अडीचपट जास्त वेळा झालं. त्यांची शस्त्रक्रिया स्लीव्हच होती, हे आपलं जाता जाता.

माझा निर्णय ठरला तो एका गोळीवरून. माझी पाळी चार-चार महिने यायची नाही आणि यायची तेव्हा मला आडवं करून जायची. पर्समध्ये मेफ्टाल कायम. त्यातलं मेफेनॅमिक ॲसिड म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्याच गोतावळ्यातलं, आणि बायपासनंतर हा अख्खा गोतावळा शक्यतो जन्मभर वर्ज्य, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. आता गंमत बघा. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की पाळी दर महिन्याला येणार, म्हणजे गोळीही दर महिन्याला लागणार! पॅरासिटामॉल चालतं म्हणतात. माझ्या पोटदुखीला त्याने कधी उतार पडलेला नाही. स्लीव्हनंतरही गोळी जपूनच, सर्जनला विचारून, पण दार बंद नाही.

एकदा त्या बाजूने विचार सुरू झाला की बाकीचंही तिकडेच झुकतं. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं, आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. ज्यांना पाळीत खूप रक्त जातं त्यांना हे महागात पडू शकतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या स्लीव्हनंतरही कायमच्या आहेत, पण बायपासवाल्यांची यादी लांब. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नसतात, आणि नेमकं तेव्हाच ओव्ह्युलेशन परतलेलं असतं. बायपासनंतर तोंडावाटे घेतलेली गर्भनिरोधक गोळी पूर्ण शोषली जाईलच याचा भरवसा धरत नाहीत, कॉपर-टी वगैरे सुचवतात. ‘इतकी वर्षं राहिलं नाही, आता काय राहणार’ असं धरून चालू नका.

बायपासच्या बाजूनेही बोललं पाहिजे. वजन थोडं जास्त उतरतं, मधुमेह असेल तर त्यावर पकड चांगली बसते. गोड खाल्लं की काहींना धडधड, घाम, मळमळ सुरू होते. नणंदबाईंनी पाडव्याला श्रीखंडाच्या दोन चमच्यांवर हे भोगलं. ती म्हणते, जिभेला आपोआप लगाम बसला. मला असला लगाम नकोय.

स्लीव्हची किंमत मी मोजते ती ॲसिडिटीत. रात्री उशिरा जेवले, नि लगेच आडवी झाले, तर घशाशी येतं. म्हणून आमच्याकडे आता साडेसातला पानं वाढतात आणि नवरा कुरकुरतो. पण मला आधी हा त्रास नव्हता. तुम्हाला आत्ताच छातीत जळजळ होत असेल तर माझं सगळं पुराण बाजूला ठेवा, आधी एंडोस्कोपी करून घ्या. त्यात अन्ननलिकेला जखमा दिसल्या, तर तुमचा सर्जन बायपासच सुचवेल, आणि मग मेफ्टालचं काय करायचं ते त्याच बैठकीत विचारून घ्या.