टोयोटाचं ३.५ लिटर व्ही६ (२जीआर-एफई): हिवाळा-उन्हाळा दोन्ही काढल्यावरचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात २०१३ ची कॅमरी एक्सएलई घेतली, सेकंडहँड, आणि मुद्दाम शोधून व्ही६ वाली. बाजारात दिसतात त्या बहुतेक २.५ लिटर चार सिलिंडरच्या, त्यामुळे शोधायला वेळ गेला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, रोज २८७ हायवेनं ऑफिस, महिन्यातून एकदा तरी बॉस्टनला बहिणीकडे, म्हणजे गाडीला आराम असा नाहीच. घरी सगळ्यांचं म्हणणं होतं हायब्रिड घे, एवढं मोठं जुनं इंजिन कशाला? पण मला टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन हवं होतं आणि नवीन कॅमरीत ते आता मिळत नाही, २०२५ च्या मॉडेलपासून कॅमरी फक्त हायब्रिड झालीय.

आधी आकडे. ३४५६ सीसी, ६० अंशाचं व्ही६, बोअर ९४ आणि स्ट्रोक ८३ मिलिमीटर, कॉम्प्रेशन १०.८ ला १. पॉवर २६८ एचपी ६२०० आरपीएमला, टॉर्क साधारण ३३६ न्यूटन मीटर ४७०० ला. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत कास्ट आयर्नचे लायनर. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठराविक मैलांना बेल्ट बदलायचा मोठा खर्च नाही. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याला साधं पोर्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पडतं आणि व्हॉल्व्ह धुतले जातात, नुसतं डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असलेल्या इंजिनांत कार्बन साठतो तो त्रास इथे नाही. पेट्रोल इथलं साधं ८७ ऑक्टेनचं चालतं, भारतातल्या मोजमापानं ते ९१ च्या आसपास येतं. लोटस या ब्रिटिश कंपनीनं आपल्या एव्होरा स्पोर्ट्स कारमध्ये हेच इंजिन घातलंय, आणि पुढे सुपरचार्जर लावूनही वापरलंय, यावरून त्याचा पाया किती भक्कम आहे ते कळतं.

चालवायला कसं आहे तर एकदम सलग. रॅम्पवरून हायवेला लागताना पाय दाबला की लगेच ओढ येते, वाट बघायची गरज नाही, ४००० च्या पुढे आवाज बदलतो आणि तो आवाज मला फार आवडतो, खरंच. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांच्या चढावर चार माणसं आणि भरलेली डिकी असतानाही गिअरबॉक्सची धावपळ होत नाही. फक्त पुढची चाकं ओढणारी गाडी असल्यामुळे ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून जोरात निघालात तर चाक घसरतं आणि स्टिअरिंग जरा हाताला ओढ देतं, तिथे चांगले टायर हवेतच. मायलेज कंपनीच्या आकड्याप्रमाणे शहरात २१ आणि हायवेला ३० मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साधारण ९ ते पावणेतेरा किलोमीटर. मला हायवेला जवळपास तेवढं मिळतं, शहरात थंडीत कमी मिळतं.

ऑइल ०डब्ल्यू-२० सिंथेटिक, फिल्टरसकट ६.१ लिटर लागतं. कंपनी १०,००० मैल किंवा एक वर्ष सांगते, मी ५,००० ला बदलतो, कारण चेन आणि व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) दोन्ही ऑइलवरच जगतात आणि पाचसहा लिटर ऑइल इंजिनापेक्षा स्वस्त आहे. फिल्टर काडतुसासारखा आत घालायचा, त्याच्या टोपणाला वेगळा पाना लागतो तो आधीच घेऊन ठेवा, आणि नवीन फिल्टरबरोबर ओ-रिंगा येतात त्या दोन्ही बदलाच. टोपण २५ न्यूटन मीटरला घट्ट करायचं, त्यावर लिहिलेलंच असतं. लोक अंगातला सगळा जोर लावतात आणि पुढच्या वेळी ते निघता निघत नाही.

आता खरी गोष्ट. हे इंजिन टिकाऊ आहे यात वाद नाही, पण गाडीत ते आडवं बसवलंय, त्यामुळे मागची तीन सिलिंडर थेट फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चिकटून आहेत आणि तिथे हात पोचत नाही. स्पार्क प्लग इरिडियमचे, १,२०,००० मैलांना बदलायचे. पुढचे तीन अर्ध्या तासात होतात. मागच्यांसाठी वरचा इनटेक मॅनिफोल्ड पूर्ण काढावा लागतो. गॅरेजमध्ये विचारलं तर मजुरीच प्लगांच्या किमतीच्या कितीतरी पट सांगितली, मग एप्रिलमध्ये मी आणि मेहुण्यानं घरासमोरच काढायला घेतलं. मॅनिफोल्ड उचलल्या उचलल्या तो म्हणाला, "दाजी, आधी तोंडं बंद करा फडक्यानं, मग बाकीचं." बरोबरच आहे, खाली इनटेकची सहा भोकं उघडी असतात, एक नट आत पडला की हेड उघडायची वेळ. मागच्या कॉइलच्या (प्लगला वीज देणाऱ्या) कनेक्टरची प्लास्टिकची कुलपं उष्णतेनं कडक झालेली असतात, ती नखानं हळू दाबत काढायची, ओढायची नाहीत. जुना प्लग बाहेर आला तेव्हा सिरॅमिक फिकट तपकिरी, कोरडं, ऑइलचा मागमूस नाही. ते बघून फार बरं वाटलं, कारण आतली तब्येत तिथेच कळते. मॅनिफोल्डची गॅस्केट मात्र नवीनच घाला, पैसे वाचवू नका.

२जीआरच्या माहितीतल्या दुखण्यांपैकी तीन लक्षात ठेवा. सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनांत व्हीव्हीटीच्या ऑइल लाइनला रबरी तुकडा होता, तो फाटला की ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. नंतर पूर्ण धातूची लाइन आली, तेव्हा २००६-०८ च्या आसपासची गाडी घेत असाल तर ती बदललीय का ते डोळ्यांनी बघा. दुसरं, वॉटर पंप. गळायला लागला की पंपाभोवती कूलंटचा गुलाबी थर सुकून बसतो, तो दिसला तर थांबू नका. कूलंट टोयोटाचं गुलाबीच घाला, पहिली बदली १,००,००० मैलांना, नंतर दर ५०,००० ला. तिसरं, टायमिंग कव्हरमधून (चेनवरचं झाकण) ऑइल पाझरणं. पाझर किरकोळ असतो पण नीट दुरुस्त करायचं तर इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून बरेच जण नुसती पातळी बघत चालवतात, आणि पाझर थोडा असेल तर मीही तेच करीन.

कोणी अशी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा की सकाळपासून सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा, मग चावी फिरवून पहिले दोन सेकंद कान देऊन ऐका, काही २जीआरमध्ये थंडीत कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गिअरचा खडखडाट येतो तो तेवढ्यातच ऐकू येतो, नंतर गायब. मग बाहेरच्या, पंप फिरवणाऱ्या बेल्टच्या बाजूनं टॉर्च मारून पंप आणि कव्हर बघा. आणि गाडी सव्वा लाख मैलांच्या वर गेलेली असेल तर प्लगांची पावती मागा. पावती नसेल तर मागच्या तीन प्लगांची मजुरी किमतीतून कापून घ्या.